कोहमाऱ्याचा चौक आणि आरोग्यविम्याचा बाजार

१/
मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्ग नागपूर, भंडारा आणि साकोली मागे टाकून छत्तीसगडच्या दिशेने निघतो, तेव्हा गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यात कोहमारा लागते. गोंदियाहून नवेगावबांध व अर्जुनी मोरगावकडे जाणारा रस्ता येथे महामार्गाला छेदतो. चौक लहान आहे. परंतु रुग्णाला घेऊन निघालेल्या कुटुंबाला येथे एक मोठा निर्णय घ्यावा लागतो. उत्तरेला गोंदिया, पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर नागपूर.

२/
गेल्या पाव शतकात या निर्णयात एक नवी वस्तू सामील झाली, ती म्हणजे आरोग्यविम्याचे कार्ड. ‘रुग्णाच्या हाती पैसा द्या, तो रुग्णालय निवडील, रुग्णालये त्याच्यासाठी स्पर्धा करतील, विमा कंपन्या खर्चावर लक्ष ठेवतील’ असा त्या कार्डामागचा विचार होता. बाजाराच्या मार्गाने आरोग्यव्यवस्था सुधारण्याचा हा विचार महाराष्ट्रात कसा आला आणि कोहमाऱ्यापर्यंत पोहोचताना त्याचे काय झाले, त्याचा हा इतिहास.

३/
आरंभ बाजारातून झाला नव्हता. मार्च १९४३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. अडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल सादर केला. त्यांची योजना कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या उद्योगांतील कामगारांपुरती होती.

४/
तिचे तत्त्व सरळ होते. कामगार व मालक या दोघांनी वर्गणी भरायची; निरोगी आणि आजारी, तरुण आणि वृद्ध सर्वांचा निधी एकच; वर्गणी मिळकतीनुसार, उपचार गरजेनुसार. सदस्यत्व सक्तीचे. या सक्तीमागे कारण होते. वर्गणी ऐच्छिक ठेवली तर निरोगी माणूस बाहेर राहतो, आजारी तेवढा आत येतो आणि निधी बुडतो.

५/
या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. १९५४ मध्ये ती नागपूर आणि मुंबईतही आली. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते. विदर्भातील गिरणी कामगाराला आरोग्यविमा असा सत्तर वर्षांपूर्वी मिळाला.

६/
परंतु नागपूरच्या पूर्वेला गिरण्या संपतात. तेथे धानाची शेते, माजी मालगुजारी तलाव, तेंदूपत्त्याची जंगले आणि विडी उद्योग आहे. उन्हाळ्यात पत्ता तोडणारा मजूर, घराच्या ओसरीवर विड्या वळणारी स्त्री, दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारी बाई यांच्यापैकी कोणाचेही नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हते. वर्गणी कापून घेईल असा कायमचा मालकच नसल्याने या विम्याचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही.

७/
अडारकर अहवालानंतर दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे त्याचे सूत्र होते. साधन मात्र विमा नव्हते. सरकारनेच प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत साखळी उभारावी आणि ती करातून चालवावी, अशी त्याची शिफारस होती. स्वतंत्र भारताने ग्रामीण भागासाठी तत्त्वतः हा मार्ग स्वीकारला. त्यासाठी लागणारा पैसा मात्र कधीच पुरेसा दिला नाही.

८/
या दोन मार्गांच्या मधल्या मोकळ्या जागेत विदर्भातच एक वेगळा प्रयोग झाला. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये स्थापन झाले. तेथील डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत विम्याचा हप्ता रुपयांऐवजी ज्वारीत घ्यायला सुरुवात केली.

९/
सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या घरात धान्य असते, रोकड नसते. म्हणून हप्ता धान्यात. ज्याची जमीन अधिक त्याची ज्वारी अधिक, भूमिहीनाची कमी. उपचार मात्र सारखेच. गावातील सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबे सामील झाली तरच ते गाव योजनेत घेतले जाई. आजारी तेवढेच आत येण्याचा जो धोका अडारकरांनी कायद्याच्या सक्तीने टाळला होता, तो येथे गावाच्या सामूहिक निर्णयाने टाळला गेला.

१०/
या योजनेची आणखी एक गोष्ट पुढील इतिहास समजण्यासाठी महत्त्वाची आहे. विमा चालवणारे आणि उपचार करणारे एकच होते. रुग्णालय सेवाग्रामला प्रत्यक्ष उभे होते, डॉक्टर गावात येत होते आणि गावाचा आरोग्यसेवक त्यांना जोडलेला होता. म्हणजे आधी सेवा होती, मग विमा आला. पुढे देशभर हा क्रम उलटा झाला.

११/
दरम्यान शहरांत व्यापारी विमा वाढत होता. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. १०७ कंपन्या एकत्र करून नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या घडवण्यात आल्या. १९८६ मध्ये त्यांनी ‘मेडिक्लेम’ पॉलिसी बाजारात आणली. आधी रुग्णालयाचे बिल स्वतः भरायचे, नंतर परतावा मागायचा, अशी तिची रीत होती.

१२/
ही पॉलिसी नोकरदार व व्यापारी वर्गासाठी योग्य होती. धान उत्पादकासाठी नव्हती. परताव्यासाठी आधी हातात रोकड हवी आणि ती नसणे हीच तर त्याची मूळ अडचण. आधीपासून असलेले आजार वगळलेले. त्यामुळे ज्याला विम्याची सर्वाधिक गरज, त्याच्यापासून विमा सर्वांत दूर राहिला. हा कोणा एका कंपनीचा दोष नव्हता. ऐच्छिक विम्याच्या बाजाराची घडणच तशी असते.

१३/
ही घडण अर्थशास्त्राने त्यापूर्वीच उलगडून दाखवली होती. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधील प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांहून वेगळा का, याचे विवेचन केले. आजार केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसते. कोणता उपचार हवा हे रुग्णाला कळत नाही. ते विक्रेताच, म्हणजे डॉक्टरच, सांगतो. भाजीच्या बाजारात ग्राहक वांगी हाताळून पाहतो. शस्त्रक्रिया तशी पाहता येत नाही.

१४/
यावर १९७० च्या दशकात अमेरिकेतील अलेन एन्थोवेन यांनी ‘नियंत्रित स्पर्धे’चा मार्ग मांडला. विमा कंपन्यांत स्पर्धा असावी, पण ती नियमांच्या चौकटीत. नेदरलँड्सने २००६ मध्ये या धर्तीवर कायदा केला. प्रत्येक नागरिकाने विमा घेणे सक्तीचे, कंपनीने कोणालाही नाकारायचे नाही, मूळ विम्यात आजाऱ्याकडून अधिक हप्ता घ्यायचा नाही. ज्या कंपनीकडे अधिक आजारी माणसे असतील तिला समान निधीतून भरपाई. म्हणजे या ‘बाजारा’तही सक्ती आणि समान निधी होताच.

१५/
भारताने बाजाराचे दार १९९९ मध्ये उघडले. मल्होत्रा समितीच्या शिफारशींनंतर विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००० पासून खासगी कंपन्या आल्या. या कंपन्या खेड्यांकडे आपणहून वळणार नाहीत हे सरकारला ठाऊक होते. म्हणून सर्वसाधारण विमा कंपन्यांवर बंधन घातले गेले : पहिल्या वर्षी २ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के आणि त्यानंतर ५ टक्के हप्ता ग्रामीण भागातून आला पाहिजे. बाजाराला खेड्याचा रस्ता नियमानेच दाखवावा लागला.

१६/
जुलै २००३ मध्ये केंद्र सरकारने ‘सार्वत्रिक आरोग्य विमा योजना’ आणली. एका व्यक्तीला दिवसाला १ रुपया, पाच जणांच्या कुटुंबाला दीड रुपया. रुग्णालयाच्या खर्चासाठी ३०,००० रुपयांपर्यंत संरक्षण. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हप्त्यात सवलत होती. आकडा लहान वाटतो. परंतु दीड रुपया रोज म्हणजे वर्षाला सुमारे ५४८ रुपये, आणि तेही एकदम भरायचे. गरीब कुटुंबांचा प्रतिसाद अत्यल्प राहिला. विमा कितीही स्वस्त केला तरी गरीब माणूस तो बाजारातून विकत घेईलच असे नाही, हा या योजनेचा धडा.

१७/
पुढची योजना या धड्यातून घडली. १ एप्रिल २००८ पासून राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना अमलात आली. कुटुंबाने केवळ ३० रुपये नोंदणीशुल्क द्यायचे. हप्त्याचा ७५ टक्के भार केंद्रावर, २५ टक्के राज्यावर. कुटुंबातील पाच जणांना मिळून ३०,००० रुपयांचे संरक्षण, आधीचे आजारही समाविष्ट, बोटांच्या ठशांचे स्मार्ट कार्ड आणि रोख न भरता उपचार. पुढे विडी कामगार, बांधकाम मजूर व रोजगार हमीवरील मजूरही तिच्या कक्षेत आणले गेले.

१८/
बाजाराच्या मार्गाने आरोग्यसुधारणेचा भारतातील हा पहिला मोठा प्रयोग. प्रत्येक जिल्ह्यासाठी निविदा निघे. सरकारी व खासगी कंपन्या बोली लावत. ठरलेल्या अटींवर सर्वांत कमी हप्ता मागणाऱ्या कंपनीला तो जिल्हा मिळे. सरकारी रुग्णालयालाही खासगीप्रमाणे प्रत्येक रुग्णामागे पैसे मिळत. ‘पैसा रुग्णाच्या मागोमाग जाईल’ हा सिद्धान्त येथे व्यवहारात उतरला.

१९/
या रचनेत एक पेच होता. कंपनीला पैसे मिळत ते नोंदलेल्या कुटुंबांमागे, आणि तिचा खर्च होई तो केलेल्या उपचारांमागे. त्यामुळे कार्ड वाटण्यात तिचा फायदा. पण त्या कार्डाचा उपयोग कोठे व कसा करायचा हे समजावून सांगण्यात तिचा तोटा. कार्ड पेटीत आणि रुग्ण सावकाराच्या दारात, ही स्थिती या हिशेबातूनच उद्भवू शकत होती.

२०/
रुग्णालयाच्या बाजूने नेमका उलट पेच. कोहमाऱ्याहून महामार्गाने पूर्वेला गेल्यास लागणाऱ्या छत्तीसगडमध्ये २०१२ साली एक भयंकर प्रकरण उघडकीस आले. विम्याच्या पैशांसाठी काही खासगी रुग्णालयांनी गरज नसताना स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आरोप झाले, चौकशी झाली, काही डॉक्टरांवर कारवाई झाली. कोणता उपचार हवा हे विक्रेताच ठरवतो, हे ॲरो यांचे निरीक्षण अर्धशतकानंतर त्या स्त्रियांच्या शरीरावर खरे ठरले.

२१/
महाराष्ट्राने याच काळात आपली वेगळी वाट धरली. १९९७ पासून राज्यात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा गंभीर आजारांसाठी ‘जीवनदायी योजना’ होती. त्या जागी २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. ९७१ उपचार व शस्त्रक्रिया, कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर प्रवेश. कुटुंबाला हप्ता शून्य.

२२/
कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपयांचा हप्ता राज्य सरकार नॅशनल इन्शुरन्स या सरकारी कंपनीला देई. येथे बाजाराचा अर्थ बदलला. विमा निवडणारा ग्राहक आता नागरिक नव्हता. दोन कोटींहून अधिक कुटुंबांच्या वतीने शासन हाच एकमेव ग्राहक झाला. उपचारांचे दर आधीच ठरलेले, त्यामुळे रुग्णालयांत किमतीची स्पर्धा नाही. उरली ती एकच स्पर्धा : शासनाच्या कंत्राटासाठी कंपन्यांची.

२३/
पहिला टप्पा आठ जिल्ह्यांत होता : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. गोंदिया त्यात नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर लागू झाली. म्हणजे सुमारे सोळा महिने गडचिरोलीतील केशरी शिधापत्रिकेला जे मोल होते, ते शेजारच्या गोंदियातील तशाच शिधापत्रिकेला नव्हते. जंगल तेच, धान तेच, आजारही तेच. फक्त जिल्ह्याची हद्द वेगळी.

२४/
दुसरी रेषा शिधापत्रिकेच्या रंगाची. शेतकरी आत्महत्यांमुळे संकटग्रस्त ठरलेल्या १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही पुढे योजनेत घेण्यात आले. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. या यादीतही गोंदिया नव्हता. त्यामुळे धानाचा शेतकरी शुभ्र शिधापत्रिकेमुळे कागदोपत्री सुस्थितीत राहिला. एका मोठ्या शस्त्रक्रियेने त्याची बांधी गहाण पडू शकत होती, ही गोष्ट त्या कागदावर दिसत नव्हती.

२५/
१ एप्रिल २०१७ पासून योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली : पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आणि कोणत्याही सहभागी राज्यात उपचार. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्राने दोन्ही योजना एकत्र जोडल्या. दीड लाखापर्यंतचा भार युनायटेड इंडिया कंपनीवर, त्यासाठी कुटुंबामागे ७९७ रुपये हप्ता. त्यावरील ५ लाखांपर्यंतचा भार राज्य आरोग्य हमी सोसायटीमार्फत थेट शासनावर.

२६/
या मिश्र रचनेतून एक प्रश्न पुढे येतो. मोठ्या खर्चाची जोखीम शासनच उचलत असेल, तर लहान खर्चासाठी मध्ये कंपनी कशाला? आंध्र प्रदेशच्या आरोग्यश्री योजनेतही (२००७) आरंभी विमा कंपनी होती. पुढे तेथे शासकीय ट्रस्टने थेट पैसे देण्याची पद्धत आली. केंद्रीय योजनेतही राज्यांना विमा, ट्रस्ट किंवा मिश्र, असे तीन पर्याय खुले आहेत. कंपनी दाव्यांची छाननी करते, वर्षाचा खर्च आधीच निश्चित करून देते, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद. तिचा नफा व व्यवस्थापन खर्च उपचारांच्या पैशातूनच जातो, हा विरोधातला.

२७/
अखेर २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण ५ लाखांवर नेण्यात आले, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली. १ जुलै २०२४ पासून ही विस्तारित योजना राज्यातील सर्व कुटुंबांसाठी अमलात आली. बारा वर्षांपूर्वी आठ जिल्ह्यांत आखलेली रेषा पुसली गेली. गोंदियाच्या शुभ्र शिधापत्रिकेलाही आता तेच मोल आले.

२८/
या प्रवासाचे श्रेय नाकारता येत नाही. हृदयाची झडप, कर्करोगाची औषधे, डायलिसिस, हे उपचार एकेकाळी घर-जमीन विकूनच शक्य होते. ते कार्डावर होऊ लागले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. या घटीला सरकारी खर्चातील वाढीसह अनेक कारणे आहेत. त्यामुळे ती केवळ विम्याच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

२९/
मात्र रेषा पुसली तरी अंतर उरले. योजनेत सामील होण्यासाठी रुग्णालयाकडे पुरेशा खाटा, विशेषज्ञ आणि यंत्रसामग्री लागते. अशी रुग्णालये नागपूरसारख्या शहरांत एकवटलेली आहेत, कारण खासगी गुंतवणूक जेथे रोख ग्राहक आहे तेथेच आधी जाते. रुग्णालये रुग्णासाठी स्पर्धा करतील या गृहीतकात किमान दोन रुग्णालये आवाक्यात असणे अभिप्रेत आहे. कोहमाऱ्याच्या चौकात उभ्या असलेल्या कुटुंबासाठी ती स्पर्धा शंभराहून अधिक किलोमीटरवर होते. तेथवरचा प्रवास, सोबतच्या माणसाचे जेवण आणि त्याची बुडालेली मजुरी हा खर्च अखेर कुटुंबाच्याच माथी येतो.

३०/
दुसरे अंतर आजारांचे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार अनेक समाजांत आढळतो. त्याला एका मोठ्या शस्त्रक्रियेची नव्हे, तर जन्मभर नियमित तपासणी, रोजची औषधे आणि वेळेवर मिळणाऱ्या रक्ताची गरज असते. रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या ठराविक उपचारांचे पैसे देणारी योजना या रोजच्या काळजीला स्पर्श करत नाही. ती काळजी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि आशा सेविका यांच्याच हाती राहते, आणि त्यांचा पैसा विम्याच्या हप्त्यातून येत नाही.

३१/
म्हणूनच गोंदियाच्या अलीकडील इतिहासात एका वेगळ्या घटनेचे महत्त्व कार्डाइतकेच आहे. २०१६ मध्ये गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई महिला रुग्णालय त्याला जोडले गेले. खासगी बाजाराने न उभारलेली क्षमता येथे शासनाने उभारली. कार्ड वठवायला जागा मिळाली, तीही शंभराहून अधिक किलोमीटर अलीकडे.

३२/
अडारकरांपासून आजवरच्या आठ दशकांत हप्ता कोणी भरायचा हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. कामगार व मालक, गावची ज्वारी, मध्यमवर्गीयाचा धनादेश, ३० रुपये आणि शेवटी शासनाची तिजोरी, असा तो प्रवास झाला. बाजाराने तीन स्पर्धांचे आश्वासन दिले होते : नागरिकासाठी कंपन्यांची, रुग्णासाठी रुग्णालयांची आणि कंत्राटासाठी बोली लावणाऱ्यांची. गोंदियासारख्या जिल्ह्यात त्यांतील तिसरीच तेवढी ठळकपणे अवतरली.

३३/
पूर्व विदर्भातील जुन्या तलावांची रीत सर्वांना ठाऊक आहे. पाऊस सर्वांच्या वाट्याचा, साठा सामाईक. पण शेत भिजते ते पाट तेथवर काढला असेल तरच. विम्याचा निधी हा साठा आहे. १ जुलै २०२४ पासून तो सर्वांचा झाला, ही लहान गोष्ट नव्हे. कोहमाऱ्याच्या चौकात थांबलेली गाडी उत्तरेला वळते की पश्चिमेला, हे मात्र आजही कार्डावरच्या रकमेवरून ठरत नाही. त्या रात्री गोंदियात त्या आजाराचा डॉक्टर हजर आहे की नाही, यावरून ते ठरते.